जुन्या पिकअपचा दम

छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजार समितीत पहाटे पिकअपची रांग लागते. कन्नड-फुलंब्रीकडचं आलं, पैठणची मोसंबी, वैजापूर-लासूरचा कांदा, सिल्लोडची मिरची असा माल घेऊन आलेल्या या गाड्यांपैकी कितीतरी दहा-बारा वर्षांच्या आहेत. कुणाची दुसऱ्या हातातली, कुणाची तिसऱ्या. महिंद्राची बोलेरो पिकअप असते, टाटाची २०७ असते आणि २००५ साली बाजारात आलेला, दोन सिलिंडरच्या ७०२ सीसी इंजिनाचा टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा छोटा हत्ती, तोही असतो. मालकाची तक्रार मात्र एकच: "गाडी ओढत नाही." त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: पंप वाढव, सायलेन्सर मोकळा कर, चिप बसव.

या प्रकरणाचं म्हणणं वेगळं आहे. जुन्या गाडीत नवी ताकद घालण्याआधी तिची हरवलेली ताकद परत मिळवा. नवशिक्या मालकाला स्वतः किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडून करता येतील असे जवळपास सगळे बदल याच कामात मोडतात. ते स्वस्त आहेत, कायद्यात बसतात आणि इंजिनाचं आयुष्य वाढवतात.

या कामासाठी हे शहर सोयीचं आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. एंड्युरन्स आणि व्हॅरॉक या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या इथेच मोठ्या झाल्या, ग्रीव्हज कॉटनची छोटी डिझेल इंजिनं इथे बनली आणि २००१ साली शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या बनू लागल्या. लेथवर, बोअरिंगवर, मापावर बसलेले हात त्यामुळे शहरात आहेत. चुकतं ते कामाच्या क्रमात.

ताकद ठरते हवेवर

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडर फक्त हवा ओढतो, पिस्टन ती साधारण अठरा-वीस पटींनी दाबतो, दाबलेल्या हवेचं तापमान ५०० अंशांच्या पुढे जातं आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनात ॲक्सिलरेटर दाबला की हवा वाढत नाही, फक्त डिझेल वाढतं. ते जळणार किती, हे आत आलेल्या हवेवर ठरतं. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल आणि हवा मिसळायला वेळ फार थोडा मिळतो, म्हणून इंजिनाला त्याहून बरीच जास्त हवा द्यावी लागते. ती कमी पडली की मागून काळा धूर निघतो. चढावर काळा धूर सोडणारी गाडी जोरात आहे असं अनेकांना वाटतं. त्या धुरात अर्धवट जळालेलं डिझेल असतं आणि त्याचे पैसे आपण पंपावर मोजलेले असतात.

आता आपल्या शहराची हवा पाहू. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवा आणखी विरळ होते. समुद्रकिनारी २५ अंश तापमानात सिलिंडरमध्ये जितकी हवा मावेल, त्याहून इथे उन्हाळ्याच्या दुपारी जवळपास १२ टक्के कमी मावते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते. टर्बो हवा दाबून आत ढकलतो, म्हणून त्या गाड्यांना हा फटका कमी बसतो. पण टर्बोपासून इंजिनापर्यंतचे पाइप धड असतील तरच.

आधी मोजा

बदल करण्यापूर्वी गाडी आज कुठे आहे हे वहीत लिहून ठेवा. टाकी गळ्यापर्यंत भरून किलोमीटर टिपा, पुन्हा गळ्यापर्यंत भरेपर्यंत चालवा आणि सरासरी काढा. एकाच मोकळ्या, सपाट रस्त्यावर, तितक्याच वजनाने, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वरून ५० पर्यंत जायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्या माणसाला मोजू द्या. जाताना एकदा, येताना एकदा. प्रत्येक दुरुस्तीनंतर हेच करा. नवा फिल्टर बसवला की गाडी हलकी झाल्याचा भास प्रत्येक मालकाला होतो. वही तो भास खरा की खोटा हे सांगते.

मग धूर पाहा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ चालतो. गरम झाल्यावरही राहिला तर टायमिंग, नोझल, कॉम्प्रेशन किंवा हेड गास्केट तपासावं लागेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय: पिस्टन रिंग, व्हॉल्व्हची सीलं किंवा टर्बोची सीलं.

तिसरी तपासणी कॉम्प्रेशनची. ग्लो प्लगच्या किंवा नोझलच्या जागी गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. एखाद्याचा आकडा इतरांपेक्षा ठळकपणे कमी आला किंवा ऑइलचं झाकण काढल्यावर आतून जोराचे भपकारे येत असतील, तर पुढचं सगळं थांबवा. रिंगा आणि बोअर झिजलेल्या इंजिनावर फिल्टर, पाइप किंवा चिप यांवर केलेला खर्च वाया जातो. अशा गाडीला हाफ इंजिन किंवा फुल इंजिन काम हाच खरा उपाय.

हवेचा रस्ता

कॉम्प्रेशन चांगलं असेल तर पहिला खर्च एअर फिल्टरवर करा. उन्हाळ्यात शेतरस्त्यांवर उडणारी बारीक धूळ कागदी फिल्टर झपाट्याने भरते. त्यामुळे कंपनीच्या वेळापत्रकात दिलेलं अंतर आपल्याकडे अर्ध्यावर आणलेलं बरं. फिल्टर झटकून पुन्हा बसवायची सवय सोडा. कंप्रेसरची हवा जोरात मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि तिथून धूळ थेट बोअरमध्ये जाते. बाजारात मिळणारे, तेल लावलेल्या कापडाचे परफॉर्मन्स फिल्टर हवा थोडी मोकळी सोडतात. पण बारीक धूळही जास्त सोडतात. शर्यतीच्या गाडीचं इंजिन लवकर खोललं जातं, तिथे ते चालतं. आपल्या गाडीला पुढची दहा वर्षं चालायचं आहे, म्हणून चांगल्या प्रतीचा कागदी फिल्टरच घ्या. जुन्या गाड्यांतल्या तेलाच्या एअर फिल्टरमध्ये तळाशी साचलेला चिखल काढून खुणेपर्यंतच ताजं तेल भरा.

फिल्टरनंतर रबरी होज आणि क्लिपा पाहा. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या फाटक्या होजमधून न गाळलेली धूळ आत जाते. टर्बो आणि इंजिन यांच्यामधला होज फाटला तर दाबलेली हवा बाहेर पळते. जोर दिल्यावर सूं असा आवाज, ओढ कमी आणि काळा धूर ही त्याची लक्षणं. इंटरकूलर असेल तर त्याच्या जाळीतला चिखल आणि किडे हलक्या पाण्याने धुवा. हवा आत घेणारं तोंड रेडिएटरच्या मागे, गरम जागेत वळवलेलं असेल तर ते कंपनीने दिलेल्या जागी परत आणा. तापमान १० अंशांनी वाढलं की हवेची घनता तीन टक्क्यांनी घटते, हे लक्षात ठेवा.

व्हॉल्व्हच्या टॅपेटचं सेटिंग याच रस्त्यावरचं काम आहे. फट जास्त झाली की व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि टकटक आवाज येतो. फट नाहीशी झाली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि व्हॉल्व्ह जळतो. फीलर गेज घेऊन कंपनीने सांगितलेल्या मापाने सेटिंग करणारा मिस्त्री दोन तासांत जो फरक पाडतो, तो महागडा सायलेन्सर पाडू शकत नाही.

बाहेर जाणाऱ्या हवेचं काय? दगडावर आपटून चेपलेला पाइप किंवा आतून तुटलेला सायलेन्सर बदलला तर फायदा होतो. धड सायलेन्सर काढून सरळ पाइप लावला तर मुख्यतः आवाज वाढतो.

डिझेलचा रस्ता

डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि त्याच्या तळाचा बोल्ट सैल करून पाणी नियमित काढा. ड्रममधून भरलेलं डिझेल आणि पावसाळ्यातली अर्धी रिकामी टाकी यांमुळे पाणी साचतं. ते नोझल आणि पंप दोन्ही खातं.

यांत्रिक पंपाच्या गाडीत नोझल टेस्टिंग हे या प्रकरणातलं सगळ्यात फायद्याचं काम. हाताने चालवायच्या टेस्टरवर नोझल लावतात आणि ते किती दाबाला उघडतं, फवारा धुक्यासारखा पडतो की धार लागते, टोकाला थेंब लटकतो का, हे पाहतात. हा दाब अनेक इंजिनांत २०० बारच्या आसपास किंवा थोडा वर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. थेंब गाळणारं नोझल धूर काढतं, डिझेल खातं आणि कालांतराने पिस्टनला भोक पाडतं. जुने मिस्त्री ज्याला आजही मायकोचा पंप म्हणतात ती मायको कंपनी २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते. तिचा नाशिकच्या सातपूरमधला कारखाना नोझल आणि इंजेक्टरसाठीच प्रसिद्ध आहे. खऱ्या मालाच्या डब्यात नकली माल भरपूर येतो, म्हणून पक्कं बिल मागा.

नोझलनंतर पंपाचं कॅलिब्रेशन. सगळ्या सिलिंडरना सारखं डिझेल जातं का, हे पंपवाला टेस्ट बेंचवर तपासतो. एका सिलिंडरला जास्त आणि दुसऱ्याला कमी जात असेल तर इंजिन थरथरतं आणि चढावर दम तोडतं. पंप गाडीवर परत बसवताना टायमिंग मापाने लावून घ्या. डिझेल लवकर पडलं तर इंजिन ठोकतं. उशिरा पडलं तर ओढ जाते आणि एक्झॉस्ट तापतो.

कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच पाइपमधून दाबाखालचं डिझेल मिळतं आणि फवारा कॉम्प्युटर ठरवतो, हे काम स्कॅनर आणि इंजेक्टर बेंचकडे जातं. त्या रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. चालू इंजिनावर पाइपचा नट सैल करून हवा काढायची जुनी पद्धत तिथे कधीही वापरू नका. ती धार कातडीत घुसते. मालकाच्या हातात राहतं ते चांगला फिल्टर, भरवशाच्या पंपावरचं डिझेल, सेन्सरच्या वायरिंगची सफाई आणि ईजीआर, म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधला कार्बन काढणं. ईजीआरला पत्रा लावून तो बंद करण्यापेक्षा साफ करून चालू ठेवा.

उष्णतेचं गणित

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडी तापली की काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकतात. तात्पुरतं बरं वाटतं. पण थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडतो तो इंजिनाला योग्य तापमानावर ठेवण्यासाठी. तो नसेल तर हिवाळ्यात आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन थंड राहतं, डिझेल जास्त लागतं आणि बोअर लवकर झिजतो. गाडी का तापते हे शोधा: रेडिएटरमधला गाळ, बाहेरच्या जाळीतला चिखल, ढिला बेल्ट, मेलेला फॅन क्लच, दाब न धरणारं रेडिएटरचं झाकण किंवा कूलंटऐवजी भरलेलं बोअरचं पाणी. हे पाणी जड असतं. आत क्षार धरतात आणि पाण्याच्या वाटा बुजतात. शुद्ध पाणी आणि कूलंट ठरलेल्या प्रमाणात भरा.

टर्बोच्या गाडीला आणखी एक शिस्त लागते. टर्बोचं चाक जोरावर असताना मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारतं आणि ऑइलच्या पातळ थरावर टिकून असतं. औट्रम घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद केली तर ऑइल थांबतं आणि गरम बेअरिंगमध्ये जळतं. एक-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा. ऑइल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच आणि वेळेवर बदला.

इंजिनाबाहेर गेलेली ताकद

इंजिनाने दिलेली ताकद चाकापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहा. जड फिरलं तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलं आहे. टायरमध्ये हवा कमी असेल तर डिझेल वाढतं आणि टायर तापून फुटतो. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मागेच राहते. मोठे टायर लावणं हाही लोकप्रिय बदल. पण टायरचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला की चाकावरची ओढ तेवढीच घटते. चढाच्या रस्त्यावर हा तोट्याचा सौदा आहे.

सगळ्यात मोठा हिशेब वजनाचा. समजा ६० अश्वशक्तीचं, टर्बो नसलेलं इंजिन आहे, गाडी मालासह ३ टनांची आहे आणि १०० मीटरला ६ मीटर चढणाऱ्या घाटात ती ताशी ४० ने चालली आहे. वजन वर उचलायला सुमारे २६ अश्वशक्ती लागते, टायरच्या घर्षणाला ५ आणि हवेच्या विरोधाला २. एकूण ३३. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलने १५ टक्के खाल्ले आणि उन्हाळ्याच्या विरळ हवेने १२ टक्के, तर ६० पैकी चाकापर्यंत ४५ पोहोचते. म्हणजे १२ हाताशी राहते. आता पाटे वाढवून, हौद्याला उंच जाळी लावून आणखी एक टन भरा. गरज ४४ वर जाते आणि शिल्लक जवळपास संपते. गाडी दुसऱ्या गिअरवर येते, तापते, धूर काढते आणि मालक म्हणतो इंजिनात दम नाही. एक टन उतरवला की जी ११ अश्वशक्ती मोकळी होते, ती देणारा एकही फिल्टर बाजारात नाही.

चिप, रिमॅप आणि पंप वाढवणं

हे बदल काम करत नाहीत असं नाही. यांत्रिक पंपाचा स्क्रू फिरवला की जास्त डिझेल पडतं. हवा शिल्लक असेल तोवर ताकद वाढते, पुढे फक्त धूर वाढतो. कॉमन रेल गाडीतला ट्यूनिंग बॉक्स रेलमधला दाब खरा आहे त्याहून कमी आहे असं कॉम्प्युटरला भासवतो आणि कॉम्प्युटर दाब वाढवतो. रिमॅपमध्ये कॉम्प्युटरचे आकडेच बदलतात. टर्बो इंजिनात यातून खरी ओढ मिळते. पण ती ओढ क्लच प्लेट, गिअरबॉक्स, हेड गास्केट आणि पिस्टन यांनाच सोसावी लागते आणि त्यांची झीज दहा-बारा वर्षांची आहे. शिवाय ब्रेक तेच राहतात. एक्झॉस्टचं तापमान मोजणारं गेज नसताना हे काम करणं म्हणजे अंधारात गाडी हाकणं. नवशिक्याने या वाटेला जाऊ नये.

कायदाही याच बाजूने आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची नोंदणी पुस्तकातली मूळ माहिती बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची मंजुरी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा भारासाठी त्याच दुरुस्तीत २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड ठेवला आहे. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. पीयूसीत बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे आणि बीएस-४ गाडीला ५०. पंप वाढवलेली गाडी इथेच अडकते.

म्हणून क्रम असा ठेवा: कॉम्प्रेशन, एअर फिल्टर आणि होज, टॅपेट, डिझेल फिल्टर, नोझल आणि पंप, कूलिंग, क्लच-ब्रेक-टायर आणि शेवटी हौद्यातलं वजन. एका वेळी एकच काम करा आणि वहीत फरक लिहा. ही यादी पूर्ण झाल्यावरही गाडी अपुरी वाटली तर तुम्हाला चिपची नाही, मोठ्या गाडीची गरज आहे. आणि खर्चाला हात लावण्यापूर्वी ब्रेक तपासा; घाट चढण्याइतकाच तो उतरायचाही असतो.